चोरीला गेलेला खड्डा

१

दागिने चोरीला जातात, सायकली जातात, एकदा तर आमच्या दवाखान्यातून चक्क चाकांची खुर्ची गेली होती. पण खड्डा चोरीला गेलेला मी अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिला. तोही सुट्टीवर असताना, सकाळी सव्वादहाला, पाच माणसांच्या डोळ्यांदेखत.

मी आणि माझी थोरली नणंद, दोघी चार दिवसांसाठी त्या टेकडीखालच्या विश्रामगृहात उतरलो होतो. तिथून एक पायवाट निघते आणि हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी उभं केलेलं, कोरलेलं, रचलेलं सगळं दाखवून तीन तासांनी परत आणते. आधी खड्ड्यांची शिळा, मग उभ्या दगडांचं रिंगण, मग मोठमोठ्या फरशांची दगडी खोली. वाट दाखवायला चाळिशीतली एक बाई होती. बारा वर्षं ती रोज हीच वाट चालत होती. आम्ही तिला वाटाडीच म्हणायचो.

तिची एक पद्धत होती. शिळेवर वाटीएवढे खड्डे आहेत, कुणीतरी दगडाने दगड ठोकून केलेले. ते किती आहेत हे ती सांगायची नाही. ओंजळभर गोटे हातात द्यायची आणि म्हणायची, "एका खड्ड्यात एक गोटा. मग गोळा करा आणि तुम्हीच मोजा." आदल्या दिवशी मी स्वतः गोटे ठेवले होते. अठ्ठावीस. वन्सं पुन्हा मोजून बसल्या, कारण माझ्यावर विश्वास ठेवणं त्यांच्या स्वभावात नाही. अठ्ठावीसच.

आता भानगड अशी, की या शिळेवर एक जाडजूड पुस्तक आहे आणि त्यात सत्तावीस लिहिलंय. पुस्तकाचे लेखकही बायकोसह तिथेच उतरले होते. वाटाडी पर्यटकांना चुकीची माहिती देते अशी त्यांची तक्रार गेली होती. म्हणून त्या दिवशी सकाळच्या बसने खात्याचे साहेब आले. शिळा मोजायची आणि बाईचा निकाल लावायचा, एवढंच काम होतं. म्हणून आम्ही दोघी दुसऱ्यांदा त्या वाटेला गेलो. मी बाईसाठी, आणि वन्सं विश्रामगृहात कॉफी मिळाली नाही म्हणून रागाने.

"एवढं मोठं विश्रामगृह आणि सकाळी सांगतात कॉफी संपली," त्या चढभर म्हणत होत्या. "चहावर दिवस ढकलायचा म्हणजे शिक्षाच आहे."

साहेबांनी वाटाडीला दहा पावलं लांब उभं केलं, स्वतः गोटे मांडले, गोळा केले, मोजले. सत्तावीस. पुन्हा मांडले. सत्तावीस.

ग्रंथकार सावलीत, काठी उघडली की होणाऱ्या आपल्या खुर्चीवर बसले होते. उठलेसुद्धा नाहीत. "मी काय म्हणत होतो," एवढंच म्हणाले.

वाटाडी पुढे आली. शिळेवरून तिची नजर एकदा फिरली आणि थांबली. "इथला गेलाय," ती म्हणाली. "भेगेच्या वरचा. काल होता."

"दगडाच्या जखमा भरायला लागल्या का आता?" साहेब हसले. ती वाकायला लागली तसा त्यांनी हात आडवा केला. "हात लावू नका. संरक्षित शिळा आहे. तुमचा बिल्ला द्या इकडे."

"अहो, काल मी स्वतः मोजलेत," मी म्हणाले. "अठ्ठावीस होते."

साहेबांनी माझ्याकडे फार प्रेमाने पाहिलं. "आजी, होतं असं वयानुसार," ते म्हणाले.

तिथेच माझं डोकं फिरलं. आयुष्यात मला कुणी काहीही म्हणावं, पण माझी मोजणी चुकली असं म्हणणाऱ्याला मी सोडत नाही.

२

साहेबांनी खिशातून वाटाडीच्या नावाने टाईप केलेला एक कागद काढला. मी पर्यटकांना वारंवार खोटी माहिती दिली, त्याबद्दल माफी मागते, उद्यापासून काम सोडते. खाली सहीला जागा. तीनच्या बसला साहेब परत जाणार होते, तोपर्यंत सही हवी होती. नाही केली तर खातं तिला काढून टाकणार आणि पुन्हा कुठल्याही वाटेवर उभं करणार नाही.

"नाही करणार," वाटाडी म्हणाली.

"विचार करा. तुमच्या घरी कोण कमावतं दुसरं?"

"कुणी नाही. तरी नाही करणार."

"मग इथूनच परत फिरू."

"का? अजून दोन ठिकाणं राहिलीत." तिने पिशवी खांद्यावर टाकली. "बिल्ला तुमच्याकडे राहू दे. रस्ता मला माहीत आहे, बिल्ल्याला नाही." आणि ती चालायला लागलीसुद्धा. साहेबही बाकीच्यांच्या मागोमाग निघाले. एकट्याने खाली उतरायची वाट त्यांना कुठे माहीत होती.

मी मुद्दाम मागे रेंगाळले. संरक्षित शिळा गेली खड्ड्यात, असं मनात म्हटलं आणि भेगेच्या वर तळहात टेकला.

एकतीस वर्षं मी हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर घातलंय. हात, पाय, मान, कंबर. माझ्या तळव्याला जे कळतं ते सहीशिक्क्याच्या माणसाला कळणार नाही. सगळी शिळा उन्हाने तापली होती आणि तेवढीच एक वाटीएवढी जागा गार होती. वरून सुकलेलं, आत अजून ओल धरून बसलेलं, असं गार एकाच गोष्टीचं असतं. दहा मिनिटांत घट्ट होतं, पण पुरतं वाळायला दीड-दोन दिवस घेतं.

"प्लास्टर," मी वन्संना म्हणाले. "कुणीतरी खड्डा बुजवलाय. फार तर काल संध्याकाळी. वरून माती चोळलीय."

"पण पांढरं कुठाय?"

तेच तर. दगडाचाच तपकिरी रंग होता. मी बोट ओलं करून घासलं. बोटाला रंग लागला. कडेला नख फिरवलं तर काहीतरी चकचकीत, पापुद्र्यासारखं नखाला अडकलं. मग मी बोट हुंगलं. वास रोजच्या ओळखीचा होता.

"ओरडून बोलव ना साहेबांना," वन्सं म्हणाल्या.

"आणि सांगू काय? प्लास्टर आहे एवढंच? म्हणजे तो म्हणेल बाईनेच तमाशा करायला भरलं, आणि वर संरक्षित शिळा बिघडवल्याचा दुसरा कागद काढेल. कुणी केलं ते हातात हवं, वन्सं."

वन्संनी घड्याळ पाहिलं. साडेदहा वाजले होते.

३

उभे दगड अकरा आहेत, पुरुषभर उंचीचे. ग्रंथकार त्यातल्या एकाला पाठ टेकून बसले होते. मी जवळ जाऊन पुस्तकाची तारीफ केली. लेखक माणसाला याहून लवकर बोलतं करणारं औषध नाही.

"ती ज्याला अठ्ठाविसावा म्हणते ना, तो दक्षिणेच्या कडेला आहे," ते म्हणाले. "तो पावसाने झिजून झालेला. निसर्गाचं काम. माणसाने केलेले सत्तावीसच. चंद्राच्या फेरीचे दिवस. माझा सगळा सिद्धांत त्यावर उभा आहे."

"हात लावून पाहिलात का तो कडेचा?"

"तीस वर्षांपूर्वी. आता हे गुडघे वाकू देत नाहीत."

"नकाशा आहे का पुस्तकात?"

होता. सुरेख, बारीक रेघांचा. एक ते सत्तावीस आकडे घातलेले आणि दक्षिणेच्या कडेला आकड्याऐवजी एक फुली. मी भेग शोधली. तिच्या वर चौदा लिहिलं होतं.

मी पुस्तक मिटून परत दिलं आणि चेहरा साधा ठेवला. भरलेला खड्डा कडेचा नव्हताच. भरला होता तो ग्रंथकारांचा स्वतःचा चौदावा.

तिथून दगडी खोलीपर्यंत अर्धा तास चढ आहे. चार फरशा उभ्या, एक वर आडवी, आत वाकून जावं लागतं. वाटाडी बाहेर उभी राहून साहेबांना सांगत होती, की ही वरची फरशी चढवायला किती माणसं लागली असतील. आवाजात काही फरक नव्हता. साहेबही ऐकत होते.

आत ग्रंथकारांच्या बायको एकट्याच बसल्या होत्या. त्या दातांच्या डॉक्टर. दातांच्या दवाखान्यातही प्लास्टर असतं, साचे घ्यायला. म्हणून मी आडवळण न घेता सरळ विचारलं, "डॉक्टर, तुम्ही प्लास्टर घेऊन फिरता का?"

"सुट्टीत? मी दातांचा विषयही काढू देत नाही कुणाला." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "का विचारताय?"

"नकाशा कुणी काढला पुस्तकातला?"

"मी. आणि पुस्तक पाच वेळा लिहून काढलंय तेही मीच." त्यांनी बाहेर एक नजर टाकली. "एक सांगू? मला अठ्ठावीसच वाटतात. फुली काढताना वाटलं होतं, की हाही ठोकलेलाच आहे. त्यांना म्हटलं नाही. तेव्हा राहिलं ते राहिलंच."

"आज बाईची नोकरी जातेय त्यापायी."

"दिसतंय मला," त्या म्हणाल्या, आणि वाकून बाहेर पडल्या. त्यांचा मला राग आला आणि वाईटही वाटलं.

४

एक वाजता विश्रामगृहात पोहोचलो. जेवणाच्या खोलीत व्यवस्थापिकेने एका टेबलावर कानाला लावायची यंत्रं ओळीने मांडून ठेवली होती. उद्यापासून वाटाडी नाही, पर्यटकांनी यंत्र लावायचं आणि बाणांच्या खुणांमागे चालायचं. साहेबांनी एक कानाला लावलं. मीही लावलं. आत व्यवस्थापिकेचाच आवाज होता, घासूनपुसून गोड केलेला. "या शिळेवर सत्तावीस खड्डे आहेत..."

"दोन महिने खपले मी त्यासाठी," ती मला म्हणाली. "आणि गेल्या आठवड्यात त्या बाईने चाळीस पर्यटकांसमोर ते ऐकवलं, गोटे मोजायला लावले, आणि म्हणाली, यंत्राला बोटं नसतात. सगळे हसले. मी तिथेच उभी होते."

"वाईट वाटलं असेल."

"वाटणारच."

तेवढ्यात वन्सं स्वयंपाकघराच्या दारात आचाऱ्याशी वाद घालायला लागल्या. कॉफीचंच.

"बाई, माझ्यावर काय ओरडता," आचारी म्हणत होता. "डबा परवाच काठोकाठ भरला होता. काल संध्याकाळी मॅडम घेऊन गेल्या आणि रिकामा आणून दिला. कोठीची किल्ली त्यांच्या कमरेला. मी कुठून आणू?"

वन्सं वळून माझ्याकडे बघायला लागल्या. मी आमच्या खोलीकडे गेले. खिडकीशेजारी भिंतीला पडलेलं भगदाड परवा व्यवस्थापिकेने स्वतः आमच्यादेखत बुजवलं होतं, हात सफाईदार होता. मी त्यावर तळवा ठेवला. प्लास्टरच होतं.

पावणेदोन वाजले होते. जेवणाच्या खोलीत येऊन मी साहेबांना म्हणाले, "टेकडीवर चला. सगळेच चला. खड्डा सापडलाय."

५

शिळेपर्यंत दहा मिनिटं लागतात. ग्रंथकारांना वीस लागली. सगळे जमल्यावर मी साहेबांचा हात धरला आणि भेगेच्या वर टेकवला, मग शेजारी टेकवला.

"गार आहे इथे," ते म्हणाले.

"प्लास्टर आहे ते. बाई सकाळी खरं बोलत होती, मीही खरं बोलत होते. आता कुणी भरलं ते सांगते. तुमच्यापासून सुरू करू. तुम्ही आज नऊच्या बसने आलात आणि सरळ आमच्याबरोबर वर चढलात. हे काल संध्याकाळचं आहे. तुम्ही सुटलात."

"आभारी आहे," साहेब म्हणाले.

"ग्रंथकार. सत्तावीस व्हावेत अशी सगळ्यात जास्त गरज यांची. पण यांचं भांडण एकाच खड्ड्याशी आहे, तो कडेचा. त्यांनी भरला असता तर तोच भरला असता. भरलाय तो यांचा चौदावा."

ग्रंथकार काठी टेकत पुढे आले. पुस्तक उघडलं, शिळेकडे पाहिलं, पुन्हा पुस्तकाकडे पाहिलं. "माझा चौदावा," ते म्हणाले. त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे सकाळी जे सत्तावीस आले..."

"त्यात तुम्ही न मानलेला कडेचा धरलेला होता. तुम्ही उठून पाहिलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. डॉक्टरांकडे प्लास्टरची कला आहे, पण नकाशा त्यांच्या हातचा. कुठला खड्डा वादाचा हे त्यांना झोपेतही माहीत आहे. त्यांच्याकडूनही ही चूक होणार नाही. वाटाडीला सत्तावीस करून काय मिळणार? तेव्हा हे अशा माणसाचं काम आहे ज्याला वाद माहीत आहे तो फक्त आकड्याचा. एक कमी झाला म्हणजे झालं, मग कुठला का असेना. दगडाकडे कधी न बघता नुसता आकडा पाठ केलेलं माणूस."

व्यवस्थापिका हाताची घडी घालून उभी होती.

"रंगाची गंमत अशी. प्लास्टर पांढरं, शिळा तपकिरी. बोट ओलं करून घासा आणि हुंगा."

वन्सं सगळ्यांच्या आधी वाकल्या. हुंगल्या. "माझी कॉफी," त्या म्हणाल्या, आणि कुणी मेल्यासारख्या खाली बसल्या.

"कोठीची किल्ली एकाच कमरेला आहे," मी म्हणाले.

"कॉफी कुणीही घेऊन जाऊ शकतं," व्यवस्थापिका म्हणाली. "पाहुण्यांकडेही असते. हे काही सिद्ध होत नाही."

"होत नाही, खरंय." मी साहेबांकडे वळले आणि तोंड जेवढं लांब करता येईल तेवढं केलं. "आणि आता सिद्ध करूनही उपयोग नाही. अशा दगडाला प्लास्टर एकदा धरलं की सुटत नाही. छिन्नी लावावी लागेल. हजारो वर्षं टिकलेला खड्डा कायमचा गेला. खात्याला खटला भरावा लागेल."

साहेबांनी रुमाल काढला. ग्रंथकारांनी डोळे मिटले. वाटाडीने शिळेला हात लावला, या वेळी तिला कुणी अडवलं नाही.

"गेलाबिला नाहीये," व्यवस्थापिका म्हणाली. "चिकटलेलं नाही ते. खाली फिल्म घातलीय, डब्याला लावतात ती. परवा काढणारच होते मी. दगडाला काही होऊ नये एवढं कळतं मला..."

आणि ती थांबली. फिल्मचं मी एका शब्दानेही कुणाला सांगितलं नव्हतं.

६

कडेच्या चकचकीत पापुद्र्याला धरून मी हलकेच ओढलं. गोळा अलगद निघाला, खाली गोल आणि वर सपाट. आत चौदावा खड्डा जसाच्या तसा होता.

डॉक्टरांनी तो गोळा माझ्या हातातून घेतला, फिल्म सोलली आणि उन्हात तिरका धरला. "हे बघा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. गोळ्याच्या गोल बाजूवर बारीक बारीक टोचे उठले होते, सगळीकडे सारखे. दगडाने दगड ठोकल्याच्या खुणा. खड्ड्यात डोकावून जे दिसत नाही ते प्लास्टरने उलटं करून दाखवलं होतं. "आता त्या कडेच्याचाही असाच साचा घेऊ."

"काही गरज नाही," ग्रंथकार म्हणाले.

"आहे. मला तो नेहमी ठोकलेलाच वाटला. तुम्हाला सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. आज सांगते."

उरलेलं प्लास्टर आणि फिल्म आणायला व्यवस्थापिकेलाच पाठवलं. ती आणून देऊन गेली नाही, बाजूला उभी राहिली. मी कालवलं, भरलं, आणि आम्ही सगळे दहा मिनिटं शिळेभोवती उभे राहिलो. मग मी गोळा काढला आणि ग्रंथकारांच्या हातात दिला.

त्यांनी तो बराच वेळ फिरवून पाहिला. मग काठी टाकली, डॉक्टरांच्या खांद्याचा आधार घेतला आणि कण्हत कण्हत गुडघ्यांवर बसले. कडेच्या खड्ड्यात दोन बोटं घालून चाचपत राहिले.

"ठोकलाय," ते म्हणाले. "पावसाने नाही. माणसाने ठोकलाय." आयुष्यभराचा सिद्धांत गेला होता, आणि त्यांनी तो स्वतःच्या तोंडाने घालवला. तेवढ्यापुरता मला हा माणूस आवडला.

पावणेतीन वाजले. साहेबांनी खिशातून बिल्ला काढून वाटाडीपुढे धरला. "झालं गेलं विसरून जाऊ," ते म्हणाले. "हा घ्या. यंत्राचं आणि या मॅडमचं काय करायचं ते खातं बघेल. उद्यापासून तुम्ही कामावर."

वाटाडीने बिल्ला घेतला नाही.

"सकाळी एवढ्या माणसांसमोर मला खोटारडी ठरवलंत," ती म्हणाली. "माफीचा कागद शिळा मोजण्याआधीच टाईप करून आणला होतात. त्याची मागची बाजू कोरी आहे. लिहा. मी सांगते."

"अहो, माझी बस आहे तीनला."

"मग वेळ घालवू नका."

साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे बघितलं. वन्संनी पर्समधून पेन काढून त्यांच्या पुढ्यात धरलं. शेवटी ते शिळेशेजारच्या धोंड्यावर बसले आणि कागद मांडीवर उलटा ठेवला.

ती सावकाश सांगत गेली. तारीख, वार, वेळ. कोण कोण हजर होतं. खड्डे किती. साहेब लिहीत गेले. चौथ्या ओळीला ते तिच्या पुढे गेले आणि आपल्या मनाने लिहिलं, की गैरसमजातून हा प्रकार घडला.

तिने वाकून वाचलं. "खोडा ते."

"काय चुकलं त्यात?"

"गैरसमज नव्हता. मी तुम्हाला जागा दाखवली होती, नेमकी. लिहा, बाई सांगत असताना मी ऐकून घेतलं नाही."

खालून बसचा भोंगा आला. एकदा, आणि थोड्या वेळाने पुन्हा. साहेबांचं पेन कागदावर थांबलं होतं. वाटाडी तशीच उभी राहिली, घाई नाही, आवाज चढवणं नाही. आम्हीही कुणी हललो नाही.

साहेबांनी ओळ खोडली आणि तिने सांगितलं तसं लिहिलं.